टांगती बाग

जुलैतच बाबांनी हार्वेस्टरवाल्याला हात केला,
"तेवढा कोपरा सोड. यंत्र काडी चेपतं."
आणि विळा घेऊन स्वतः उतरले रायच्या शेतात.
राय, गव्हाची सावळी बहीण,
अजून पुरती पिकलेली नव्हती, हिरवट होती,
आणि आई नॉर्वेहून फोनवर सांगत होती,
"खालून काप. पेरापाशी नको. गिंतौतास, ऐकतोयस ना?"
तिच्या मागे माशांचा पट्टा खडखडत होता.

पाच महिने पेंढी माळ्यावर,
जुन्या चादरीत गुंडाळलेली.
उंदरांनी एकदा चौकशी केली आणि सोडून दिली.

डिसेंबर. चारलाच अंधार.
काड्या भिजत पडल्या न्हाणीच्या टबात,
म्हणून तीन दिवस आमची आंघोळ
शेजारच्या मोर्ताबाईंकडे, त्यांच्या कुत्र्याच्या देखत.

तौरास कात्रीने पेरं उडवतो,
मी लांब सुईत जवसाचा धागा ओवते.
बारा काड्या जुळल्या
की हवेला आठ भिंती येतात.
एक पोकळ हिरा. त्याच्याखाली दुसरा. बाजूला चार.
सोदास म्हणतात आमच्याकडे याला,
म्हणजे बाग.
माती नाही, पाणी नाही,
सावलीसुद्धा नुसत्या रेघांची.

बाबांचे हात ट्रॅक्टरच्या मापाचे.
पहिल्या संध्याकाळी सतरा काड्या फुटल्या,
प्रत्येकीला त्यांनी हळू आवाजात नावं ठेवली.
दुसऱ्या संध्याकाळी नऊ.
तिसऱ्या संध्याकाळी चष्मा कपाळावर सरकवून
ते गप्प बसले, खूप वेळ,
आणि मग त्यांचा हिरा उभा राहिला,
एका अंगाने लांब,
घाईत दाढी केलेल्या माणसासारखा.
"खोलू?" मी विचारलं.
"हात लावू नकोस," म्हणाले.

तौरासला रंग हवा होता.
आईने लावलेल्या घेवड्याचे उरलेले तांबडे दाणे
रात्रभर भिजवून त्याने कोपऱ्याकोपऱ्यात ओवले.
एक दाणा त्याने खाल्ला, चुकून, आणि पोट दुखल्याचं
दोन दिवस कुणाला सांगितलं नाही.

दिव्याच्या आकड्याला बाग टांगली, टेबलाच्या वर.
ती थांबेचना.
कुणी शिंकलं की फिरे, कुणी दार उघडलं की फिरे,
सूप वाढलं तर वाफेनेही फिरे.

तेवीस तारखेच्या रात्री आई आली,
शेवटच्या बसने, कोटावर बर्फ, केसांना मिठाचा वास.
बॅग दारातच ठेवून वर बघत उभी राहिली.
मला माहीत होतं, ती डोळ्यांनी मोजतेय.
तिने स्टूल ओढलं.
बाबा घाईने म्हणाले, "तो वाकडा माझा आहे."
"कळलं," ती म्हणाली,
आणि खिशातून काढला एक शिंपला,
बाहेरून काळा, आत संध्याकाळसारखा निळा,
जेवणाच्या सुट्टीत सुरीच्या टोकाने भोक पाडलेला.
बाबांच्या हिऱ्याच्या टोकाला तिने तो बांधला.
अख्खी बाग कलली.
"तोल गेला की," तौरास म्हणाला.
"जाऊ दे," म्हणाली आई, स्टुलावरूनच.

दुसऱ्या रात्री टेबलक्लॉथखाली गवत पसरलं,
बारा पदार्थ मांडले.
हेरिंगची ताटली तेवढी तिने
न बघता पुढे सरकवली, आणि आम्ही सगळे हसलो,
मग ती एकटीच थोडा वेळ हसत राहिली.

तीन जानेवारीला बस.

शिंपला तिच्या खुर्चीकडे वळतो, असं तौरासचं म्हणणं.
मी त्याला जमिनीवर पालथं पाडून दाखवलं:
दाराखाली फट आहे, बोटभर,
तिथून वारा येतो, तो आधी खुर्चीला लागतो, मग वर जातो.
एवढंच.
बाबा ऐकत होते.
दर हिवाळ्यात खिडक्यांच्या फटी कापसाने बुजवणारे बाबा,
हातात कापूस घेऊन दारापाशी बसले,
वर बघितलं,
आणि उठून कापूस परत डब्यात ठेवला.